मी मान हलवली

सामना लहान मुलांच्या फुटबॉलचा होता. बारा-तेरा वर्षांची पोरं, मे महिन्याच्या सुट्टीतली स्पर्धा, आणि सकाळी आठलाच तापलेलं ऊन. कोल्हापूरला गेलो की मी कुठल्या ना कुठल्या मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतोच, तसा त्या दिवशीही होतो. दोन लाइनमनपैकी एक आलाच नव्हता. रेफ्री विशी-बाविशीचा पोरगा. त्याने इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "काका, जरा गोलच्या मागं थांबता काय? बॉल आत गेला तर तेवढं सांगा." झेंडा नाही, शिट्टी नाही. मी जाऊन डावीकडच्या खांबापासून चार पावलांवर उभा राहिलो. गोलला जाळी नव्हती. रेषेवर पहाटे मारलेली फक्की अजून पांढरीशुभ्र होती, पण मारणाऱ्याचा हात हलला असावा. आतल्या बाजूला ती बरीच सांडली होती.

शेवटची पाच मिनिटं उरली होती, एक-एक बरोबरी. निळ्या जर्सीतल्या एका किरकोळ अंगाच्या पोराने अठरा-वीस पावलांवरून जीव खाऊन फटका मारला आणि मारता मारता स्वतःच घसरून पडला. बॉल गोलच्या वरच्या आडव्या बारच्या खालच्या अंगाला आपटला. लोखंडाचा तो ठण्ण आवाज अजून माझ्या कानात आहे. बॉल सरळ खाली आला, फक्कीचा एक छोटा ढग उडाला, आणि दुसऱ्याच क्षणी गोलकीपर बॉलवर पालथा पडला. मला दिसली ती त्याची पाठ. अर्धी पोरं दोन्ही हात वर करून ओरडत होती, अर्धी नाही-नाही म्हणून ओरडत होती. रेफ्री धापा टाकत आला आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघू लागला.

मी मान हलवली.

मला म्हणायचं होतं, "मला दिसलं नाही." त्याने घेतलं, "गोल नाही." त्याने हाताने खेळ पुढे चालू ठेवायची खूण केली. तो गैरसमज दुरुस्त करायला मला फार तर तीन-चार सेकंद मिळाले असतील, आणि ते मी घालवले. टायब्रेकरमध्ये निळी जर्सी हरली. नंतर मी चपलेतला खडा काढत बसलो होतो, तेव्हा तोच पोरगा पाण्याची बाटली तोंडाला लावून माझ्यासमोर आला. रागात नव्हता. चौकशी करावी तसं विचारलं, "काका, खरंच दिसलं काय तुम्हाला?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

त्या "हो"ने मला पुढे कित्येक दिवस झोपताना छळलं. कुणी म्हणेल, पोरांची मॅच, एवढं काय त्यात. पण मी रेफ्रीच्या घरात वाढलो. आमचे आबा नोकरी सांभाळून पेठांच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की अर्धं गाव दगडी पायऱ्यांवर, आणि त्या गदारोळात काळ्या चड्डीतला माझा बाप मला फार एकटा दिसायचा. सामन्याच्या दिवशी ते जेवायचे कमी आणि बोलायचे त्याहून कमी. संध्याकाळी परत आले की आई त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायची, आज काहीतरी वादाचं झालंय. मग ती काही न विचारता चहा टाकायची.

गोल म्हणजे नेमकं काय, हे मला आबांनी एका दुपारी शिकवलं. झेंड्याची काठी घेतली आणि रेषेच्या आतल्या कडेला टेकवून सरळ उभी धरली. मला सांगितलं, बॉल हाताने हळूहळू मागं सरकव, जाळीकडं. बॉल रेषा ओलांडून पलीकडच्या मातीला टेकला तेव्हा मी "गोल!" म्हणून ओरडलो. आबा म्हणाले, "न्हाई. काठीला लागतोय बघ अजून." खरंच लागत होता. बॉलचा तळ मातीवर होता, पण पोट अजून रेषेवर आलेलं होतं. "बॉल टेकला कुठं ते बघायचं न्हाई. फुगलाय कुठवर ते बघायचं." बॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. म्हणजे त्याचा तळ रेषेच्या आतल्या कडेपासून पुरे ११ सेंटिमीटर मागे गेला, तरच तो अख्खा आत. रेषा स्वतः १२ सेंटिमीटरपर्यंत रुंद. आता हे सगळं, बॉल हवेत आणि वेगात असताना, वीस-तीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसाने बघायचं. तेही रेषेच्या अगदी सरळ सुतात उभं राहून. सूत जरा सुटलं, दोन पावलं पुढे-मागे झाली, की हवेतला बॉल आत असला तर बाहेर दिसतो आणि बाहेर असला तर आत. मी त्या दिवशी गोलच्या मागे उभा होतो. तिथून रेषा आणि बॉल यांच्यामधलं अंतर कळतच नाही, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होतं. तरीही रेफ्रीने सांगितलं तिथेच उभा राहिलो.

आबा एका माणसाचं नाव फार आपुलकीने घ्यायचे. तोफिक बहरामोव. १९६६ च्या वर्ल्ड कपची अंतिम लढत, ३० जुलै, वेम्ब्ली. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी २-२, जादा वेळ सुरू. जेफ हर्स्टने वळून फटका मारला आणि मारता मारता पडला. बॉल बारला लागून खाली, रेषेपाशी कुठेतरी. जर्मनीच्या वेबरने तो डोक्याने बाहेर काढला. स्विस रेफ्री गॉटफ्रीड डीन्स्ट पळत लाइनमनकडे गेला. हाच तो बहरामोव, अझरबैजानचा, पांढरट केसांचा, मिशीवाला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी त्या कडेला काहीतरी विचारलं गेलं, काहीतरी सांगितलं गेलं. बहरामोवने मान हलवली आणि गोल झाला. इंग्लंड ४-२ ने जिंकलं. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुन्या चित्रफितीवर भूमिती मांडून दाखवलं, की बॉल पूर्ण आत जायला काही सेंटिमीटर कमी पडले होते. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते बहरामोवने आपल्या आठवणींत लिहून ठेवलेलं. त्याला वाटलं होतं की बॉल बारला नव्हे, आतल्या जाळीला लागून खाली आला. मग तो जमिनीवर कुठे टेकला याकडे बघायची त्याला गरजच वाटली नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर साठ वर्षं वाद चालू आहे, तो प्रश्न त्याच्या डोळ्यांपुढे आलाच नव्हता. त्याने वेगळ्याच गोष्टीला "हो" म्हटलं होतं. बाकूमधल्या स्टेडियमला आज त्याचं नाव आहे, बाहेर पुतळाही आहे. २००४ मध्ये तो पुतळा उभारला तेव्हा हर्स्ट स्वतः तिथे गेला होता.

जाळीचं म्हणाल, तर ती मुळात आली याच भांडणातून. लिव्हरपूलचे इंजिनिअर जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी १८८९ मध्ये एव्हर्टनच्या एका सामन्यात दिलेला-न दिलेला गोल बघितला आणि खांबांच्या मागे खिसा शिवायची कल्पना काढली. त्याआधी बॉल दोन खांबांच्या मधून गेला की बाहेरून, यावरसुद्धा हमरीतुमरी व्हायची. हेच ब्रॉडी पुढे १९१२ साली नवी दिल्लीची जागा आणि आखणी ठरवणाऱ्या समितीत वास्तुविशारद लट्यन्स यांच्याबरोबर होते. हे वाचलं तेव्हा मी आनंदाने घरभर सांगत फिरलो. गोल झाला की नाही हे सांगणारं पहिलं यंत्र म्हणजे ती सुतळीची जाळी. आणि तीही फसते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत हॉफेनहाइमविरुद्ध लेव्हरकुसेनच्या कीसलिंगने डोक्याने मारलेला बॉल बाहेर गेला, पण बाजूच्या जाळीला भोक होतं. त्यातून बॉल आत येऊन पडला. बॉल जाळीत आहे म्हटल्यावर रेफ्रीने गोल दिला, आणि तो तसाच राहिला.

२७ जून २०१०. तेव्हा आबा होते. संध्याकाळी साडेसातला ब्लूमफाँटेनचा सामना लागला. पेठेत चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे, आणि आम्ही मात्र घरात जर्मनी-इंग्लंड बघतोय. इंग्लंडने नुकताच २-१ केला होता. फ्रँक लॅम्पार्डने बॉल उचलला, तो बारला लागून आत, रेषेच्या चांगलाच आत पडला, उसळून पुन्हा बारला लागला आणि जर्मनीच्या गोलकीपर नॉयरने तो उचलून खेळ सुरू केला. आबा गुडघेदुखी विसरून उभे राहिले होते, हात मैदानाच्या मध्याकडे केलेला. रिप्ले दाखवायच्या आधी. त्यांच्या हाताने गोल दिला होता, आणि उरुग्वेच्या रेफ्रीने दिला नाही. मी लाइनमनला काहीतरी वाईटसाईट बोललो. आबा खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "त्याला आता आयुष्यभर झोप न्हाई रं." त्याच वर्षी मार्चमध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषेच्या तंत्रज्ञानाचा विषय बंद करून टाकला होता. या सामन्यानंतर फिफाच्या अध्यक्षांना, सेप ब्लाटर यांना, इंग्लंडची माफी मागून तो पुन्हा उघडावा लागला.

तरी मधे दोन वर्षं गेली. युरोपात गोलच्या बाजूला एक जादा पंच उभा करून बघितला. माझ्यासारखाच खांबाजवळ उभा, माझ्यासारखंच एकच काम. २०१२ च्या युरो स्पर्धेत दोनेत्स्कला युक्रेनच्या देविचचा बॉल रेषा ओलांडून गेला, इंग्लंडच्या जॉन टेरीने मागे पडता पडता पायाने बाहेर काढला, आणि काही पावलांवर उभ्या असलेल्या त्या पंचाला गोल देता आला नाही. (त्या चालीत आधी ऑफसाइड होता, तोही कुणाला दिसला नव्हता.) ती १९ जूनची रात्र. ५ जुलैला मंडळाने यंत्रांना परवानगी दिली.

आपल्याला हॉक-आय क्रिकेटमुळे माहीत. पायचीत द्यायचं की नाही, यावर घराघरांत भांडणं लावणारं तेच. फुटबॉलमध्ये त्याचं काम सोपं आणि म्हणून जास्त भरवशाचं. पायचीतमध्ये बॉल पुढे कुठे गेला असता याचा अंदाज करावा लागतो, इथे बॉल आत्ता कुठे आहे एवढंच सांगायचं. प्रत्येक गोलवर सात कॅमेरे, स्टेडियममध्ये उंचावर. वेगवेगळ्या कोनांतून बॉल दिसला की त्याची हवेतली जागा काढायची, आणि तो अख्खा रेषेपार गेला की एका सेकंदाच्या आत रेफ्रीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. भोंगा नाही, दिवा नाही, फक्त पंचांना कळतं. डिसेंबर २०१२ मध्ये जपानमधल्या क्लब वर्ल्ड कपमध्ये याची सुरुवात झाली, २०१३ मध्ये प्रीमियर लीगने घेतलं, २०१४ ला ब्राझीलच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मन बनावटीची वेगळी यंत्रणा आली. जानेवारी २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सने लिव्हरपूलविरुद्ध बॉल रेषेवरून काढला तेव्हा साधारण ११ मिलिमीटर कमी पडले होते. करंगळीच्या रुंदीएवढं. सिटी तो सामना २-१ जिंकली आणि पुढे विजेतेपद एका गुणाने. ते चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आबांची काठी आठवली. रेषेच्या कडेला उभी धरलेली, आणि बॉलचं पोट तिला जेमतेम टेकलेलं.

मला हे यंत्र हवं आहे, हे मी मनापासून सांगतो. चुकांनी खेळात गंमत राहते असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरातला तो न विचारता टाकलेला चहा प्यायलेला नाही. ज्याला दिसणं शक्यच नाही अशा माणसाला पन्नास हजारांसमोर "दिसलं का?" विचारायचं, यात मला काही सुंदर वाटत नाही.

पण १७ जून २०२० ची ती संध्याकाळ आहे. कोविडमुळे थांबलेली प्रीमियर लीग त्याच दिवशी पुन्हा सुरू होत होती. पहिलाच सामना, अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड, रिकामं व्हिला पार्क. ऑलिव्हर नॉरवुडची फ्री किक व्हिलाचा गोलकीपर निलांडने झेलली आणि स्वतःच्याच संघातल्या खेळाडूशी धडकत, बॉल छातीशी धरून, तो खांबाच्या पलीकडे गोलच्या आत गेला. टीव्हीवर बघणाऱ्या प्रत्येकाला दिसलं. शेफील्डचे खेळाडू हात वर करून रेफ्री मायकल ऑलिव्हरकडे पळाले. त्याने त्यांना आपलं मनगट दाखवलं. घड्याळ गप्प होतं. सामना ०-० सुटला, आणि मोसमाअखेर व्हिला खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून एका गुणाने वाचली. हॉक-आयने माफी मागितली आणि कारण सांगितलं: गोलकीपर, बचावपटू आणि खांब यांच्या आडोशाने सातही कॅमेऱ्यांपुढून बॉल झाकला गेला होता. नऊ हजारांहून अधिक सामन्यांत असं कधी झालं नव्हतं.

सातही डोळ्यांना दिसली ती पाठ.

मे महिन्यातल्या त्या सामन्यानंतर मी ती चित्रफीत पुन्हा काढून बघितली. रात्री, आवाज बंद करून. गोलकडे नाही, ऑलिव्हरच्या मनगटाकडे बघत राहिलो. घड्याळाचं म्हणणं होतं, "मला दिसलं नाही." त्याने वाचलं, "गोल नाही." या दोन गोष्टींसाठी घड्याळाकडे एकच खूण होती: गप्प राहणं. आणि माझ्याकडे एकच: डावीकडून उजवीकडे हललेली मान. नऊ हजार सामन्यांत त्या गप्प राहण्याचा अर्थ "नाही" असाच होता, म्हणून त्याला दुसरा काही अर्थ असेल हे ऑलिव्हरच्या ध्यानात कसं यावं? मी त्याला दोष देत नाही. पण त्या रेफ्री पोराने माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझ्याकडे तोंड होतं. तीन शब्द होते.

२०२४ च्या जूनमधली दोहाची रात्र कुणी विसरलं नसेल. छेत्री निवृत्त झाल्यानंतरचा पहिलाच सामना, छांगटेच्या गोलने भारत कतारच्या पुढे, आणि ७३ वं मिनिट. आपला गोलकीपर गुरप्रीतने बॉल अडवला, तो अंतिम रेषेबाहेर गेला, आपली पोरं थांबली. कॉर्नर मिळणार म्हणून. कतारच्या खेळाडूने बॉल पायाने मागे ओढून आत घेतला आणि आयमनने मारला. गोल. मी खुर्चीतून उठलो आणि माझा हात आपोआप कॉर्नरच्या झेंड्याकडे गेला होता. आबांसारखाच. बॉल खांबाच्या बाहेरच्या बाजूने गेलेला, त्यामुळे गोलरेषेचं यंत्र असतं तरी त्याने हे सांगितलं नसतं. ते काम व्हीएआरचं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांचं, आणि पात्रता फेरीच्या त्या टप्प्यात व्हीएआर नव्हतं. लाइनमनचा झेंडा खालीच राहिला. तो झेंडा "बाहेर गेला नाही" म्हणत होता की "मला दिसलं नाही" म्हणत होता, हे त्याचं त्यालाच माहीत. भारत १-२ हरला आणि वर्ल्ड कपच्या वाटेवरून बाहेर पडला. त्या रात्री मी रागाने झोपलो नव्हतो. आता त्या माणसाचा विचार येतो तेव्हा राग येत नाही असं नाही. पण रागाच्या आधी एक प्रश्न येतो, जो मला त्या निळ्या जर्सीतल्या पोराने विचारला होता.

दिवाळीत पुन्हा कोल्हापूरला गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फटाक्यांचे कागद तुडवत त्या मैदानावर पोचलो. पावसाने रेषा पार धुऊन नेल्या होत्या, गोलपाशी घोट्याएवढं गवत. पाच-सहा पोरं होती, त्यात तोही होता. पाच-सहा महिन्यांत उंच झालेला, जर्सी तीच, आता आखूड. मी त्याला बाजूला बोलावलं. आठवण करून द्यावी लागली नाही.

"मला दिसलं नव्हतं त्या दिवशी," मी म्हणालो. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

तो जरा वेळ बॉल पायाखाली फिरवत राहिला. मग म्हणाला, "मलापण न्हाई दिसलं. मी पडलो होतो की." आणि थोड्या वेळाने, "पर आत असल असं वाटतंय मला."

"असेल," मी म्हणालो.

त्याने टाचेने गवतातून एक रेषा ओढली, खांबापासून खांबापर्यंत, जमेल तेवढी सरळ. कुंपणाच्या कडेला तुरीची वाळकी काठी पडली होती, ती मी उचलून आणली आणि रेषेच्या आतल्या कडेला उभी धरली. त्याला म्हटलं, बॉल ठेव रेषेवर, आणि हाताने मागं घे, हळू. बाकीची पोरंही येऊन गुडघ्यांवर बसली. बॉल मातीला टेकला तसं एकजण "गोल!" म्हणून ओरडला. निळ्या जर्सीवाल्याने ओणवं होऊन, एक डोळा मिटून काठीकडे बघितलं.

"लागतोय अजून," तो म्हणाला, आणि बोटभर मागं सरकवला.